तोंड दाबून बुक्क्यांचा मार

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबासाठी येऊ लागले. वय ४२, एका पतसंस्थेत कारकून. अंगाने सडपातळ, तंबाखूचे किंवा दुसरे कसलेही व्यसन नाही, घरात कोणाला रक्तदाबाचा त्रास नाही. तरी दाब १६०/१०० च्या खाली यायला तयार नव्हता. एक गोळी झाली, दोन झाल्या, मग तीन. लघवी, मूत्रपिंड, थायरॉइड, हृदयाचा आलेख असे सगळे तपासून झाले आणि सगळे ठीक निघाले. मग मी त्यांना जरा रागावलोच. "गोळ्या नियमित घेत नाही तुम्ही," असे म्हणालो. त्यांनी खाली मान घातली आणि "घेतो, डॉक्टरसाहेब," एवढेच म्हणाले. दिवसभर दुसऱ्या कोणाचे तरी रागावणे ऐकून आलेल्या माणसाला आपण आणखी एक रागावणे ऐकवले, हे मला फार उशिरा कळले.

ते कळले दिवाळीनंतर. त्या दिवशी त्यांची पत्नी सोबत आली होती. भाऊबीजेला चार दिवस सगळे तिच्या माहेरी गेले होते. तेथील आरोग्य केंद्रात सहज दाब मोजला, तो भरला १२८/८२. गावाहून परत आल्यावर सोमवारी माझ्याकडे मोजला तर १६४/१००. मी यंत्र बदलून पाहिले, हात बदलून पाहिला. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचं प्रेशर रविवारी संध्याकाळी चढतं. चार वाजल्यापासून कोणाशी बोलत नाहीत. रात्री तीनदा उठून बसतात. गोळ्यांचं राहू द्या, ऑफिसात काय चाललंय ते विचारा ह्यांना."

विचारले. आधी काही बोलेनात. मग वहिनींना बाहेर बसायला सांगितले आणि अर्धा तास लागला. गोष्ट साधी होती. एका संचालकाच्या नातेवाइकाचे कर्जप्रकरण पुरेसे तारण नसताना पुढे पाठवायला यांनी नकार दिला होता. शाखाधिकारी तेव्हा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यापासून यांचे टेबल हलवून जिन्याखाली, रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारी गेले. पंधरा वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला पावत्या चिकटवण्याचे काम मिळाले. ठेवीदारांच्या समोर "याला बेरीज येत नाही" असे मोठ्याने बोलणे सुरू झाले. रजेचा अर्ज हरवू लागला. रात्री साडेदहाला शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यांच्या चुकांची यादी येई आणि खाली इतरांचे हसणारे चेहरे. पण हे सगळे सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. आवाज फुटला तो एका वेगळ्याच गोष्टीवर. "साहेब, पंधरा वर्षं आम्ही सहा जण एकत्र डबा खायचो. आता मी गेलो की ते उठतात. त्यांचाही दोष नाही. माझ्याजवळ बसलं की त्यांना मेमो मिळतो."

(या गृहस्थांच्या परवानगीने हे लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तेव्हा गावातल्या अमुक पतसंस्थेचे नाव काढून कोणी तर्क लढवू नयेत.)

आपल्याकडे या प्रकाराला नेमका एक शब्द नाही. कोणी छळ म्हणतो, कोणी जाच, कोणी 'साहेबाने डूख धरला आहे' असे म्हणतो. सासुरवासाला जसा शब्द आहे तसा ऑफिसातल्या सासुरवासाला नाही, आणि शब्द नसला की दुखणे दाखवता येत नाही. स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात यावर मोठे काम केले. त्याने या प्रकाराला 'मॉबिंग' म्हटले. पक्ष्यांचा थवा एकट्या पाखराला टोचून टोचून हाकलतो, त्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ वापरीत असलेला हा शब्द. दिवसाउजेडी बाहेर सापडलेल्या घुबडामागे कावळे लागलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो लगेच समजेल. लेमनने अंदाजासाठी एक मापही दिले होते : आठवड्यातून निदान एकदा, आणि असे निदान सहा महिने. स्वीडनने १९९३ साली त्यावर सरकारी नियमही केले. आपण मात्र सहा महिने थांबून मोजत बसायचे कारण नाही. झोप उडाली, अन्न जाईना, की तेवढे पुरे.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर उद्या कामचुकार मंडळी हे कात्रण साहेबाच्या टेबलावर ठेवतील. कडक साहेब आणि छळणारा साहेब यांत फरक आहे. कडक साहेब कामावर बोलतो, सगळ्यांना सारखेच बोलतो, चूक कोणती ते दाखवतो आणि काम सुधारले की विषय संपतो. छळणारा माणसावर बोलतो, त्याच्या जातीवर, गावावर, दिसण्यावर, इंग्रजीवर. चूक कोणती ते कधी नीट सांगत नाही, कारण चूक सुधारलेली त्याला नकोच असते. आणि हे चारचौघांत करतो. काही वेळा साहेबच हाताखालच्यांच्या टोळीचा बळी असतो, तेही पाहिले आहे. नवीन आलेल्या मुख्याध्यापिकेशी सगळ्या शिक्षकवर्गाने बोलणे टाकले, असा एक प्रसंग माझ्या माहितीत आहे.

शरीर हिशेब ठेवते

भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनालीन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. नाडी जलद होते, दाब वाढतो, यकृत साठवलेली साखर मोकळी करते. समोर साप आला तर पळायला हे उपयोगी असते आणि पळून झाले की सगळे जागेवर येते. पण साप रोज साडेदहा ते साडेपाच समोरच्या खुर्चीत बसत असेल आणि पळायची सोय नसेल, तर ही यंत्रणा बंद कधी व्हायची? कॉर्टिसॉल एरवी पहाटे वाढते आणि रात्री उतरते, म्हणून तर आपल्याला रात्री झोप येते. सतत धास्ती असली की ही लय बिघडते. माणूस पहाटे तीनला टक्क जागा होतो आणि ऑफिसात पेंगतो. मग खरोखरच चुका होऊ लागतात आणि साहेबाला हवा तो पुरावा मिळतो.

दवाखान्यात ही माणसे 'मला छळतात' असे सांगत येत नाहीत. ती पित्त घेऊन येतात, डोकेदुखी, पाठदुखी घेऊन येतात, जेवले की लगेच संडासला पळावे लागते अशी तक्रार घेऊन येतात. मधुमेह असेल तर साखर आवरत नाही. बायकांची पाळी पुढेमागे होते. काही जण रात्री अकराला रिक्षाने येतात, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घाम, 'आता मी मरणार' अशी खात्री. आलेख काढावा तर सरळ. पण लक्षात ठेवा, तो आलेख काढायचाच. 'टेन्शन असेल' म्हणून छातीचे दुखणे घरी अंगावर काढू नये. टेन्शन असलेल्या माणसालाही हृदयविकाराचा झटका येतोच.

माझी एक आग्रहाची सूचना अशी. डॉक्टरकडे जाल तेव्हा त्रासाबरोबर त्रासाची वेळही सांगा. सुटीच्या दिवशी पोट ठीक असते का? रविवारी संध्याकाळी काय होते? ऑफिसचा फोन वाजला की काय होते? आम्ही डॉक्टर गर्दीत हे विचारायला विसरतो. मी स्वतः चार महिने विसरलो होतो.

दुसरी सूचना गोळ्यांची. औषधाच्या दुकानातून ओळखीने झोपेची गोळी आणून घेणारे अनेक आहेत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी झोप लागते हे खरे, पण काही आठवड्यांत सवय लागते, मग एकीची दीड होते, आणि एकदम बंद केली तर पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. दारूचेही तसेच. झोपण्यापुरती घेतलेली दारू पहाटेची झोप मोडते. उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, कशातच मन लागत नाही, भूक गेली, स्वतःविषयी घृणा वाटते असे झाले तर ते नैराश्य असू शकते आणि त्याची वेगळी औषधे आहेत. त्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे किंवा जास्त लागतात, म्हणून आठ दिवसांत 'उपयोग नाही' असे ठरवून ती बंद करू नयेत.

आता त्या गृहस्थांकडे परत येतो. बोलणे संपत आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारले, "जगू नये असं मनात येतं का?" बराच वेळ ते टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आपण नसलो तर विम्याचे पैसे तरी मुलीला मिळतील, असं हिशेब करून ठेवलंय." हा प्रश्न विचारायला माणसे घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल असे वाटते. तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून पहिल्यांदा मोकळे होता येते. उत्तर 'हो' आले तर त्या माणसाला एकटे ठेवायचे नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. रात्रीची वेळ असेल तर १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. फोन विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. 'वेड्याचा शिक्का बसेल' ही भीती अजून गेलेली नाही, ती मला माहीत आहे. त्या गृहस्थांना मी स्वतः चिठ्ठी देऊन पाठवले आणि वहिनींना सगळे सांगितले. हे सांगण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली. ती मिळायला आणखी दहा मिनिटे लागली.

आधार कोठे शोधायचा

नोकरी सोडून द्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो देणाऱ्याच्या घराचा हप्ता बहुधा फिटलेला असतो. नोकरी सोडणे हा काही वेळा खरोखर शहाणपणाचा मार्ग असतो, त्यात हार नाही. पण तो निर्णय रागाच्या भरात किंवा पहाटे तीन वाजता घेऊ नये, झोप आणि भूक जागेवर आल्यावर घ्यावा.

त्याआधी एक वही करावी, घरी ठेवण्याची. त्यात तारीख, वेळ, काय बोलले ते शब्द, समोर कोण होते, एवढेच लिहायचे. 'माझा फार अपमान झाला' असे लिहून उपयोग नाही, 'दि. अमुक, सकाळी ११ वाजता, चार ठेवीदारांसमोर, अमुक वाक्य' असे लिहावे. फोनवरचे मेसेज पुसू नयेत आणि त्यांना रात्रीच्या रात्री उत्तरही देऊ नये. तोंडी हुकूम मिळाला तर 'आपण सांगितल्याप्रमाणे' असे म्हणून दोन ओळींचे पत्र किंवा मेसेज साहेबालाच पाठवावा. या वहीचा आणखी एक उपयोग मला दिसला आहे. छळाला सापडलेला माणूस काही दिवसांनी स्वतःवरच शंका घेऊ लागतो, 'मीच हळवा आहे की काय' असे त्याला वाटते. दोन महिन्यांची पाने उलटली की ती शंका जाते.

दवाखान्याचे केसपेपर जपून ठेवा. येथे माझे एक दुखणे सांगतो. रजेच्या दाखल्यावर 'विषमज्वर' किंवा 'कावीळ' लिहा, असा आग्रह दर आठवड्याला कोणीतरी करतो. नैराश्य लिहायला लाज वाटते. माणसाला आजाराचा तपशील उघड करायचा नसेल तर दाखला मोघम ठेवता येतो, पण नसलेला विषमज्वर मी लिहीत नाही. पुढे प्रकरण चौकशीला गेले तर खोटी कावीळ उपयोगी पडत नाही, खरा रक्तदाब पडतो.

मग कायद्याचे काय, असे सगळे विचारतात. अशा सर्वसाधारण छळासाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. पण काही दरवाजे आहेत आणि ते कोणासाठी कोणते, हे लोकांना ठाऊक नसते. स्त्रीला होणारा त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांत हवी. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. घरकामाच्या बाईपासून कारखान्यातल्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्या स्त्रियांना हा कायदा लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून अपमानित केले तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तेथे पोलीस ठाणे हाच दरवाजा.

सरकारी कचेऱ्यांत साहेबाचे हत्यार म्हणजे गोपनीय अहवाल. 'तुझा सी. आर. खराब करीन' या धमकीने कित्येकांची उमेद मारली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, त्या कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. तेव्हा ती नोंद मागून घ्यावी आणि मुदतीत लेखी उत्तर द्यावे.

खासगी शाळांतला प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो. संस्थेत रुजू होतानाच कोऱ्या कागदावर सही घेतली जाते आणि तो कागद पुढे राजीनामा म्हणून डोक्यावर टांगला जातो. एका शिक्षिकेला या एका कागदापायी दोन वर्षे अर्धशिशीचा त्रास झाला. महिन्याला किती दिवस ती अंधाऱ्या खोलीत डोके बांधून पडून असे, ते तिच्या पतीने कॅलेंडरवर खुणा करून मला दाखवले होते. महाराष्ट्राचा खासगी शाळा कर्मचाऱ्यांविषयीचा १९७७ चा कायदा आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनामा द्यायचा तर दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. ही पद्धत कायद्याने ठरवून दिली ती शिक्षकांच्या संरक्षणासाठीच. काढून टाकले तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते. हे मला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितले. मी त्या शिक्षिकेला सांगितले. कागद अजून संस्थेच्या कपाटात आहे. अर्धशिशी मात्र बरीच कमी आहे.

कारखान्यात, मोठ्या दुकानात कामाला असणाऱ्यांनी युनियन असेल तर युनियनकडे, नसेल तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात विचारावे. एकट्याने जाण्यापेक्षा दोघांनी जावे.

आणि या सगळ्या कायद्यांपेक्षा लवकर पोहोचणारे औषध म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माणूस. त्याने साहेबाशी भांडावे अशी कोणाची अपेक्षा नसते. नंतर बाजूला घेऊन "ते बोलले ते बरोबर नव्हतं," एवढे वाक्य म्हटले तरी त्या रात्री एखाद्याला झोप लागते. गटावर हसणारा चेहरा टाकला नाही तरी चालते. डबा उचलून उठून गेले नाही, तर फारच झाले.

मालक मंडळींना, म्हणजे दुकानदार, कारखानदार, संस्थाचालक आणि आम्हा डॉक्टरांनाही, बोलायचा अधिकार मला आहे की नाही हे सांगतो. १९९० नंतरच्या काळात मी इंटर्न असताना आमचे एक वरिष्ठ केसपेपर तोंडावर फेकीत. आम्ही त्यालाच शिक्षण समजलो. पुढे माझ्या दवाखान्यात पाच वर्षे काम केलेली एक परिचारिका एके दिवशी 'घरी अडचण आहे' म्हणून सोडून गेली. खरे कारण वर्षाने तिच्या भावाकडून कळले. गर्दीच्या वेळी मी तिच्यावर रुग्णांसमोर ओरडत असे. मला त्यातला एकही प्रसंग आठवत नव्हता. तिला तारखांसकट आठवत होते. तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती परत आली नाही, आणि ते बरोबरच होते.

पतसंस्थेतल्या गृहस्थांचे पुढे असे झाले. वहीची तीस-चाळीस पाने झाल्यावर ते त्याच संस्थेतून निवृत्त झालेल्या एका जुन्या व्यवस्थापकांना सोबत घेऊन अध्यक्षांना भेटले. सहकाऱ्यांपैकी कोणी सही देईना. शेवटी शिपायाने दिली आणि मग एका कारकुनाने. शाखाधिकाऱ्यांना काही झाले नाही. यांची बदली अठरा किलोमीटरवरच्या शाखेत झाली. रोज एस. टी.चा प्रवास वाढला, पण काम पुन्हा हिशेबाचे मिळाले. मानसोपचारतज्ज्ञांची गोळी अजून चालू आहे. रक्तदाबाच्या तीनपैकी एक गोळी मी जानेवारीत कमी केली. गेल्या महिन्यात दाब १३२/८४ होता, तोही सोमवारी.

सही देणारा शिपाई परवा दवाखान्यात आला होता. त्याचे टेबल नाहीच, त्यामुळे ते हलवता येत नाही. त्याची उभे राहण्याची जागा उन्हात, दाराबाहेर केली आहे. झोप येते का म्हणून विचारले. म्हणाला, "येते की, डॉक्टरसाहेब. दुपारचा डबा मी आता त्या कारकुनाबरोबरच खातो." त्याला मी डोक्यावर टोपी घालायला आणि पाणी जास्त प्यायला सांगितले. वही करायलाही सांगितले. त्याला लिहिता बेताचे येते, तेव्हा रोज संध्याकाळी त्याची मुलगी लिहून घेते.